तेवीस रकान्यांचा रेडिओ

"फोनवर ऐका की!" असं कुणी म्हटलं की श्रीनिवास खांबेटेच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. आणि त्या सप्टेंबरात नेदरलँड्समधल्या अख्ख्या ब्रेडा शहरात त्याला भेटणारा प्रत्येक माणूस नेमकं तेच म्हणत होता. ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी उभे असणारे म्हणाले. शेजारचा योप म्हणाला. दातांच्या डॉक्टरने तर तोंडात आरसा घालून सांगितलं, म्हणजे उलट बोलायचीसुद्धा सोय नाही. आणि स्वानंदी, स्वतःची मुलगी, जिला मराठी सगळं समजतं पण बोलायचं म्हटलं की जिची जीभ जड होते, तीही डेल्फ्टच्या होस्टेलवरून म्हणाली, "बाबा, देअर इज अ‍ॅन अ‍ॅप. जस्ट यूज द अ‍ॅप."

"खड्ड्यात गेलं तुझं अ‍ॅप!" श्रीनिवास कडाडला.

आता यात एवढं कडाडण्यासारखं काय होतं? होतं. शोभा, म्हणजे श्रीनिवासची बायको, रेडिओवर गाणार होती. रेडिओ काही मोठा नव्हता. त्यांच्या वस्तीचा, पाच निवृत्त माणसांनी आणि एका निवृत्त व्हायला आलेल्या बाईने चालवलेला. शोभा दर मंगळवारी लायब्ररीत डच बोलायची सवय करायला जायची. तिथे चहा ढवळताना ती काहीतरी गुणगुणत होती, ते त्या बाईने ऐकलं आणि तिला थेट स्टुडिओत नेऊन बसवलं. वीस मिनिटं गप्पा, शेवटी एक गाणं, शोभाला तिच्या आईने शिकवलेलं. ध्वनिमुद्रण झालं. प्रसारण रविवारी, बारा ते तीनच्या दरम्यान कधीतरी. "वस्तीतल्या पोरांच्या फुटबॉलचं वर्णन संपलं, की लगेच," असं त्या बाईने सांगितलं. एकदाच. त्यांचा संगणक बदलायचा चालला होता, त्यामुळे जुनं काही ते ठेवत नव्हते. वाजलं की पुसलं.

तरी म्हणाल, मग फोनवर ऐकायला काय झालं? सांगतो. त्यासाठी फक्त एकदा, अगदी दोन मिनिटांसाठी, सांगलीला जावं लागेल.

तिथे लग्नानंतर सहाच महिन्यांनी शोभाचं गाणं आकाशवाणीवर लागणार होतं. सकाळी साडेअकराला. श्रीनिवासने रजा काढली होती. लाइट जाणार हे ठरलेलंच होतं, म्हणून ट्रान्झिस्टर पुसून ठेवला होता. पण ट्रान्झिस्टरचे सेल जरा मंद झाले होते, आणि मंद झालेले सेल उन्हात ठेवले की तरतरीत होतात यावर श्रीनिवासची श्रद्धा होती. इंजिनियर माणूस! बायकोचा आवाज खणखणीत यावा म्हणून त्याने सकाळी नऊलाच चारही सेल गच्चीच्या कठड्यावर ओळीने मांडले. सव्वाअकराला आणायला गेला तर गच्चीला कुलूप. किल्ली घरमालकाकडे, आणि घरमालक शोभाचं गाणं ऐकायला शेजारी गेलेला. सगळ्या गल्लीने शोभाचं गाणं ऐकलं. एकट्या श्रीनिवासने ऐकलं नाही, कारण तो जिन्यात दार बडवत उभा होता.

"तुम्ही होतात कुठे?" शोभाने विचारलं.

"जिन्यात," श्रीनिवास म्हणाला.

बस. त्या एका शब्दाने त्याचा पुढचा सगळा संसार खाल्ला. दूध आणायला विसरला, "असू दे, जिन्यात असाल." स्वानंदीच्या शाळेची मीटिंग चुकली, "बाबा जिन्यात होते गं." आकाशवाणीने पुन्हा कधी बोलावलं नाही, शोभानेही गाणं सोडलं, आणि ते नेमकं कशाने सुटलं याची चर्चा दोघांनी कधी केली नाही. पण श्रीनिवासला ते ठाऊक होतं. म्हणूनच तो एवढा चिडायचा.

तर या वेळी कुठलाही धोका पत्करायचा नव्हता. फोनवर तर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. स्वानंदीच्या शाळेचा निरोपसमारंभ फोनवर पाहताना ऐन तिचं नाव पुकारायच्या वेळी मुख्याध्यापिका तोंड उघडं ठेवून थिजल्या होत्या आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं होतं.

शिवाय त्या रविवारी योपचा सत्तरावा वाढदिवस होता. योपने तो आपल्या बोटीवर करायचा, हे मार्च महिन्यातच डायरीत लिहून टाकलं होतं. श्रीनिवासने त्याला विचारून पाहिलं, "आठ दिवस पुढे ढकलता नाही येणार?" योपने शांतपणे डायरी उघडली, पानं उलटली आणि म्हणाला, "फेब्रुवारीत एक रविवार मोकळा आहे." या देशात माणसाचा जन्मदिवस हलेल, पण डायरीत लिहिलेली वेळ हलणार नाही. म्हणजे रविवारी बारा वाजता घरी, पाऊणला गाडीत, सव्वाला बोटीत. गाणं कधीही लागेल. तेव्हा घरी, गाडीत आणि बोटीत, तिन्हीकडे चालेल असा एकच रेडिओ हवा.

"सॅटेलाइट रेडिओ घे," अ‍ॅमस्टेलव्हीनहून अजित फोनवर म्हणाला. अजित हा मराठी मंडळातला असा माणूस, की ज्याला आपण मत विचारत नाही, फक्त नमस्कार करतो आणि मत मिळतं. "माझ्या मेव्हण्याच्या गाडीत आहे, अमेरिकेत. जंगलात जा, वाळवंटात जा, आवाज असा स्वच्छ! आकाशातूनच येतो ना थेट!"

आकाशातून थेट! श्रीनिवासला हे पटलं. मध्ये वायर नाही, फिरणारं चाक नाही, गच्चीचं कुलूप नाही.

आता इथे श्रीनिवासचा व्यवसाय सांगायला हवा, कारण सगळा घोळ त्यातून झाला. तो आइंडहोव्हनला चिप बनवण्याच्या यंत्रांच्या कंपनीत होता आणि त्याचं काम एकच, माल पुरवणाऱ्यांना पारखायचं. साधा स्क्रू विकायला आलेला माणूसही श्रीनिवासच्या एक्सेल शीटमधून गेल्याशिवाय आत यायचा नाही. तेव्हा रेडिओ सेवा निवडायची म्हणजे त्याने एक्सेल उघडलंच. तीन कंपन्या, तेवीस रकाने. आवाजाची प्रत, ढगाळ हवेतली पकड, ओलाव्याला दाद न देण्याची क्षमता, कंपनांना सहनशीलता, बॅटरीचं आयुष्य, वजन, वायरीची लांबी, तक्रारीला उत्तर द्यायला लागणारा वेळ. प्रत्येक रकान्याला महत्त्वाप्रमाणे गुण, त्यांचा गुणाकार, मग हिरवा, पिवळा, तांबडा रंग. दोन आठवडे हे चाललं होतं. जेवताना ताटाशेजारी लॅपटॉप.

आठव्या की नवव्या दिवशी शोभाने आमटी वाढता वाढता विचारलं, "अहो, पण त्यावर आमच्या वस्तीचा रेडिओ लागतो ना?"

"शोभा," श्रीनिवास डोळे मिटून म्हणाला, "एकशे चाळीस चॅनेल आहेत. एकशे चाळीस!"

"बरं," शोभा म्हणाली आणि तिने कुकर उघडला.

झेनिटोन नावाची सेवा पहिली आली. शंभरपैकी एक्क्याण्णव गुण. एक हातात मावणारा रेडिओ, तीन बैठका, एक घरात, एक गाडीत, एक बोटीत. आणि तीन अँटेना.

फॉर्म भरायला बसला आणि पहिली ठिणगी पडली. बोटीसाठी वेगळा ग्राहक म्हणून नोंद हवी. बोटीचं नाव? योपच्या बोटीचं नाव 'तांते रीत'. म्हणजे रीतमावशी, योपला लहानाचं मोठं करणारी मावशी, जाऊन पस्तीस वर्षं झाली. श्रीनिवासने नाव टाकलं. 'बोटीवर कुणी राहतं का?' नाही. 'नाही' म्हटलं तर फॉर्म पुढे सरकेना. शेवटी वैतागून त्याने 'हो' दाबलं आणि फॉर्म सरकला. पाचव्या दिवशी संदेश आला: सौ. टी. रीत यांचं पार्सल कोपऱ्यावरच्या सिगारेटच्या दुकानात आलं आहे, ओळखपत्र दाखवून घेऊन जावं.

श्रीनिवास गेला. दुकानातली मुलगी म्हणाली, "सौ. रीत स्वतः आल्या तर बरं."

"सौ. रीत ही बोट आहे."

"मग बोटीचं ओळखपत्र आणा."

"बोटीला ओळखपत्र कसं असेल? ती बोट आहे!"

"साहेब, ओरडू नका."

"मी ओरडत नाही!" श्रीनिवास इतक्या मोठ्याने म्हणाला की मागे रांगेत उभी असलेली म्हातारी दोन पावलं मागे सरली. शेवटी योप आला, बोटीच्या नोंदणीचा कागद घेऊन. मुलीने तो नीट वाचला आणि विचारलं, "या तुमच्या कोण?" योप म्हणाला, "मावशी." लगेच पार्सल मिळालं! श्रीनिवासने दुकानाबाहेर आल्यावर हवेत हात उडवले. खरं सांगितलं की नाही म्हणतात आणि मावशी म्हटलं की देतात, हा काय न्याय झाला?

घरची अँटेना घराबाहेर, दक्षिणेकडच्या भिंतीवर लावायची होती. ओळीतल्या घरांच्या संघाच्या सेक्रेटरीबाईंनी सांगितलं की दर्शनी भिंतीवर काहीही लावायचं तर अर्ज करा, आठ आठवड्यांत समिती बसेल. आठ आठवडे! पुण्यात असताना श्रीनिवास स्वतः सोसायटीचा सेक्रेटरी होता आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाची डिश त्याने बरोबर याच नियमाखाली उतरवायला लावली होती. त्या माणसाचा चेहरा त्याला आता आठवला, आणि त्याने तो तातडीने विसरून टाकला. शेवटी दक्षिणेचं आकाश दिसेल अशी एकच जागा निघाली, बाथरूमचा झरोका. तेव्हा घरचा रेडिओ बाथरूममध्ये.

गाडीची अँटेना चुंबकाने टपाला चिकटायची होती. श्रीनिवासने तीनच वर्षांपूर्वी, शोभाचं न ऐकता, काचेच्या टपाची गाडी घेतली होती. काचेला चुंबक चिकटतं का? नाही चिकटत. हे श्रीनिवासला माहीत होतं, तरी त्याने ते चारदा चिकटवून पाहिलं. मग तपकिरी चिकटपट्टीचे सात वेढे.

राहिली बोट. तिथे मात्र त्याने जीव ओतला. पाण्यात झाडं आडवी येतात, म्हणून अँटेना उंच हवी. त्याने शॉवरच्या पडद्याचा जुना दांडा बोटीच्या मागच्या बाजूला उभा करकचून बांधला. योप म्हणाला, "पूल आहेत, बरं का. ठेंगणे." श्रीनिवास हसला. पारखीला पूल शिकवतो! त्याने सायकलवरून जाऊन वाटेतले चारही पूल मोजले होते. सर्वांत ठेंगण्या पुलाखालून दांडा दोन सेंटिमीटर राखून जात होता. बोटीत माणसं किती, त्यांच्या वजनाने बोट किती खाली बसेल, हेही धरलं होतं. योप, तो स्वतः, शोभा, आणि अजितच्या घरची चार माणसं. एकूण सात.

रविवार उजाडला तो असा. बारा वाजता श्रीनिवास आणि शोभा बाथरूममध्ये. शोभा नवी जांभळी साडी नेसून टबच्या काठावर, श्रीनिवास झाकलेल्या कमोडवर, रेडिओ वॉशिंग मशीनवर. त्याने बटण दाबून फुटबॉलचं वर्णन शोधून काढलं. डच भाषेत धावतं वर्णन, आवाज एकदम स्वच्छ.

"ऐक! फुटबॉल चालू आहे. संपला की तू!"

शोभाने कान दिला. तिचं डच आता श्रीनिवासपेक्षा शंभर पटीने बरं होतं. अठरा वर्षं इंग्रजीत ऑफिस केलेल्या माणसाला डचमध्ये फक्त पावाची दुकानं समजत होती. "हे खेळाडू आपल्याकडचे वाटत नाहीत हो," ती म्हणाली. "आणि आमच्याकडचे वर्णन करणारे इतके भराभर बोलत नाहीत. ते मध्येच कॉफी पितात."

"आज शुद्धीवर असतील!" श्रीनिवास खेकसला.

निघताना शोभा फोन पर्समध्ये घालायला लागली. "तो कशाला?" श्रीनिवास म्हणाला. "फोनची गरजच नाही, हे दाखवायला तर एवढं केलं!" शोभाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि फोन टेबलावर ठेवला. गाडीत वर्णन चालूच होतं, अर्धं टपावर फडफडणाऱ्या चिकटपट्टीखाली बुडलेलं. धक्क्यावर पोचले तेवढ्यात श्रीनिवासच्या फोनवर अजितचा संदेश आला: 'जरा कणकण वाटतेय, आम्ही येत नाही. तुम्ही एन्जॉय करा.' पुढे हात जोडल्याचं चित्र, एक केक आणि एक बोट. श्रीनिवास चडफडला, पण बोटीची चार माणसं कमी झाली म्हणजे नेमकं काय झालं, हा हिशोब त्याच्या डोक्यात आला नाही. डोक्यात त्या वेळी फक्त अजित होता.

मार्क नदी संथ होती. योपने इंजिन सुरू केलं, अँटेनाचा दिवा हिरवा झाला, आणि श्रीनिवासच्या छातीत अभिमान मावेना. घर, गाडी, बोट! एकही खरखर नाही! पावणेदोनला सामना संपला. श्रीनिवासने आवाज वाढवला, शोभाने पदर सारखा केला, योपने टोपी काढून मांडीवर ठेवली.

रेडिओ म्हणाला, आता आपण जाऊ या म्युनिकला.

"म्युनिकला कशाला?" श्रीनिवास म्हणाला.

शोभा त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती सांगलीची नजर होती. त्याने बटणं दाबायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. जॅझ. बातम्या. व्हेलमाशांचे आवाज. शहाण्णव, सत्त्याण्णव. एक पाद्री. एकशे चाळीस. पुन्हा एक. वस्तीचा रेडिओ त्यात नव्हता. तो आकाशात कधी गेलाच नव्हता. पाच निवृत्त माणसं आणि एक बाई, त्यांचा आवाज त्यांच्याच गच्चीवरच्या खांबावरून निघायचा आणि चार-पाच किलोमीटरवर दमायचा. साध्या रेडिओवर लागायचा, नाहीतर फोनवर. तेवीस रकान्यांत एवढा एकच रकाना नव्हता: हवं ते लागतं का?

"माझ्या स्वयंपाकघरात आहे ना रेडिओ," योप म्हणाला. "त्यावर कायम तेच लागलेलं असतं. आणायला हवा होता का?"

श्रीनिवासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता एखाद्याने निमूट आपला फोन काढून ते अ‍ॅप उघडलं असतं. श्रीनिवासनेही फोन काढला. पण अ‍ॅपसाठी नाही! त्याने झेनिटोनच्या तक्रार विभागाला फोन लावला. का? कारण चूक त्यांची आहे हे आधी त्यांच्याकडून वदवून घ्यायचं होतं. "आपला क्रमांक नववा आहे," बाई गोड आवाजात म्हणाली आणि बासरी वाजायला लागली. योपने केक कापायला घेतला आणि सुकाणूचा दांडा श्रीनिवासच्या दुसऱ्या हातात दिला. "अहो, तेवढ्यात माझं गाणं होऊन जाईल," शोभा म्हणाली. "थांब, आठवा झालो!" श्रीनिवास म्हणाला. सहाव्या क्रमांकावर फोन बंद पडला. सकाळपासून त्यावर तो अँटेनांचे कोन मोजत होता, चार्ज राहणार कुठून?

"तुझा फोन?" त्याने योपला विचारलं.

"वाढदिवसाला मी फोन बरोबर घेत नाही."

आणि त्याच क्षणी पूल आला. सर्वांत ठेंगणा. सात माणसांची बोट तीन माणसं घेऊन चालली होती, म्हणजे दोन नाही, चांगली तीन-चार सेंटिमीटर वर तरंगत होती. अँटेनाचा दांडा पुलाच्या पोटात कर्रकन घुसला आणि बोट जागच्या जागी अडकली. केक योपच्या टोपीत गेला. इंजिन घुरघुरत राहिलं, बोट हलेना.

मग जे झालं त्याला भांडण म्हणणं बरोबर नाही, कारण बोलत फक्त शोभा होती. "तीस वर्षं!" ती म्हणाली. "तीस वर्षांत दोनदा गायले मी. दोनदा! तेव्हा सेल उन्हात, आणि आता हे भूत! मी विचारलं नव्हतं? आमटी वाढताना विचारलं नव्हतं? तुम्हाला माझं गाणं ऐकायचंच नसतं. तुम्हाला यंत्र जिंकायचं असतं. गाणं गेलं चुलीत!"

"मी हे सगळं कुणासाठी केलं?" श्रीनिवास ओरडला. "कुणासाठी? बाथरूममध्ये मी कुणासाठी बसलो?"

"स्टिल!" म्हणजे गप्प, असं काठावरून कुणीतरी दरडावलं.

पुलाच्या अलीकडे हिरव्या छत्रीखाली एक म्हातारा गळ टाकून बसला होता. मासे पळवून लावल्याबद्दल तो लालबुंद झाला होता. त्याच्या पायाशी डबा होता, डब्यावर एक जुनापुराणा, दोरीने बांधलेला ट्रान्झिस्टर. आणि त्या ट्रान्झिस्टरमधून शोभा बोलत होती.

शोभाचा आवाज, शोभाचं डच, पाण्यावरून सावकाश येत होतं. श्रीनिवासला अर्धंच कळत होतं. मुलाखत घेणारी बाई हसली. शोभा काहीतरी म्हणाली, त्यात 'बातरेयन', म्हणजे सेल, एवढा शब्द त्याने पकडला. मग 'झॉन', म्हणजे ऊन. योप खो-खो हसला आणि श्रीनिवासकडे वळला. "सेल? उन्हात? खरंच?"

श्रीनिवासचे कान तापले. सगळ्या ब्रेडाला कळलं! पण मग शोभाचा आवाज उतरला आणि ती काहीतरी हळू म्हणाली, आणि योप हसायचा थांबला.

"काय म्हणाली?" श्रीनिवासने विचारलं.

"म्हणाली, त्यानंतर मी गायले नाही," योप म्हणाला. "कारण ज्याने ऐकावं असं वाटत होतं, त्यानेच ऐकलं नाही."

श्रीनिवासने शोभाकडे पाहिलं. शोभा पाण्याकडे पाहत होती. तेवढ्यात ट्रान्झिस्टरमधून गाणं सुरू झालं. पहिली ओळ. साथीला काही नाही, नुसता गळा. आणि म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. तो बसला होता नातवाच्या सामन्यासाठी, सामना संपला होता, त्याला हे काय कळणार? त्याने वाकून ट्रान्झिस्टरच्या बटणाला हात घातला.

"एऽऽ!" श्रीनिवासने बोंब मारली. "नको! हात नको लावू!" ही बोंब मराठीत होती. म्हाताऱ्याचा हात थांबला नाही. खरखर आली. आणि श्रीनिवास खांबेटे, वय छप्पन्न, पोहता येत नाही, इस्त्रीच्या कुडत्यासकट मार्क नदीत उडी मारून मोकळा झाला.

पाणी छातीपर्यंत होतं, खाली चिखल. उडीच्या हिसक्याने शॉवरचा दांडा कडकन मोडला, अडकलेली बोट सुटली, आणि चालू इंजिनासकट, शोभा आणि योप यांना घेऊन पुलाखालून पलीकडे निघून गेली. "अहो! अहो, पोहता येत नाही तुम्हाला!" शोभा किंचाळत होती, योप डचमध्ये देवाला हाका मारत होता. श्रीनिवास चिखल तुडवत काठाला लागला, ओणवा होऊन गवतावर चढला, आणि त्याने म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

"माझी बायको," तो म्हणाला. त्याला येत असलेल्या डचमध्ये एवढंच बसलं. "रेडिओ. माझी बायको."

म्हाताऱ्याने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग बटण परत फिरवलं आणि आवाज मोठा केला.

दहा मिनिटांनी योप बोट वळवून घेऊन आला. श्रीनिवास काठावर, म्हाताऱ्याच्या दुसऱ्या स्टुलावर बसला होता. कुडत्यातून पाणी गळत होतं, एक बूट नदीत राहिला होता. शोभा बोट टेकायच्या आधीच उतरली. आधी तिने तो धड आहे ना ते पाहिलं. धड आहे म्हटल्यावर मग ती चिडली.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"सगळं?"

"शेवटपर्यंत."

"मी नाही ऐकलं," शोभा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि नाकपुड्या फुगल्या होत्या. "तुम्ही बुडताय म्हणून मी तिकडे बोंबलत होते. माझं गाणं मला नाही मिळालं. या वेळी जिन्यात मी!"

ओल्या बाह्यांनी श्रीनिवासने तोंड पुसलं.

"कसं झालं?" शोभाने विचारलं.

"चांगलं झालं."

"चांगलं म्हणजे? स्क्रूला तेवीस रकाने भरता, आणि मला एक शब्द?"

"दुसऱ्या कडव्यात तुझा आवाज कापला," श्रीनिवास रागारागाने म्हणाला, कारण दुसऱ्या कुठल्या सुरात ते बोलता येत नव्हतं. "तिथे मला रडू आलं. त्या म्हाताऱ्याने मला रुमाल दिला. मासे पुसायचा. झालं समाधान? मूर्ख होतो मी. तेव्हाच दार फोडून यायला हवं होतं."

शोभा त्याच्या शेजारी गवतावर बसली. नव्या साडीची तिने पर्वा केली नाही.

"गाऊन दाखवा," ती म्हणाली.

"कोण? मी?"

"तुम्हीच ऐकलंय ना? मग कसं गायले ते दाखवा."

श्रीनिवासला गाण्याचा गंध नव्हता. आरतीतही त्याला सगळे टाळ द्यायचे, म्हणजे तो तोंड उघडणार नाही. पण आज नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने खाकरून घसा साफ केला आणि भसाड्या, थंडीने कुडकुडणाऱ्या आवाजात पहिली ओळ उचलली. योपने केक भरलेली टोपी आदराने हातात धरली. म्हाताऱ्याने दोन ओळी सोसल्या. मग गळ ओढून घेतला, छत्री मिटली, ट्रान्झिस्टर काखोटीला मारला आणि तो चालू लागला.

श्रीनिवास त्याच्याकडे पाहत गप्प झाला.

"थांबलात का?" शोभा म्हणाली. "दुसरं कडवं राहिलंय."